जुनं .२२ टार्गेट पिस्तूल सारखं अडकतंय? नवे भाग मागवण्याआधी हे बघा

वीस सेकंदांची मालिका चालू आहे. दोन गोळ्या छान गेल्या. तिसऱ्या वेळी चाप ओढला तर काहीच नाही. खाली बघावं तर रिकामी पुंगळी स्लाइडच्या (वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या) फटीत धुराड्यासारखी उभी. दुसऱ्या दिवशी तो नेमबाज काय करतो? नवी रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) मागवतो, जमलं तर एक्स्ट्रॅक्टरही (पुंगळीची कड धरणारा आकडा), आणि कुणी सांगितलं म्हणून काडतूस चढतं तो उतार पॉलिश पेपरने घासून ठेवतो. मग पिस्तूल माझ्यासारख्याच्या टेबलावर येतं. तोवर मूळ दुखणं एक आणि वर उपचारांनी केलेली दोन, अशी गत झालेली असते.

माझी स्वतःची आणि लोकांची मिळून अशी बरीच पिस्तुलं मी उघडली आहेत. बहुतेक वेळा दोष काडतुसात, मळात किंवा मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या डबीत) निघाला. त्यासाठी काहीच विकत घ्यावं लागलं नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर, आणि हत्यार कायमचं बदलून टाकणारं काम सगळ्यात शेवटी. तेही शक्यतो दुसऱ्याच्या हातून.

आधी हे पिस्तूल चालतं कसं

हे समजलं की पुढची प्रत्येक तपासणी आपोआप समजते. .२२ लाँग रायफल (हे काडतुसाचं नाव) वापरणाऱ्या सेल्फ-लोडिंग, म्हणजे पुढचं काडतूस स्वतःच भरणाऱ्या पिस्तुलात चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) कुलूपबंद होत नाही. गोळी सुटते तेव्हा चेंबर बंद ठेवायला फक्त स्लाइडचं (काही पिस्तुलांत बोल्टचं) वजन आणि एक स्प्रिंग एवढंच असतं. वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो आणि पुंगळीला मागे. पुंगळी स्लाइडला मागे रेटते. गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा धक्क्यातून स्लाइडने स्प्रिंग दाबायची, हॅमर (ठोका मारणारा हातोडा) चढवायचा, पुंगळी बाहेर फेकायची, आणि परत येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस खरवडून चेंबरमध्ये बसवायचं.

त्यात जुनी टार्गेट पिस्तुलं बहुधा स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसांसाठी जुळवलेली असतात. त्यांचा वेग सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर, आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. म्हणजे शिल्लक बळ मोजकंच. मळ थोडं खातो, घट्ट तेल थोडं खातं, स्लाइडला घासणारा ग्रिप थोडं खातो. यातलं एकटं कुणीच पिस्तूल अडकवत नाही. तिघं जमले की अडकतं, आणि आपण शेवटी आलेल्याला दोष देतो.

लक्षणं

पुंगळी उभी अडकते. म्हणजे फेकायला जोर कमी पडला किंवा एक्स्ट्रॅक्टरने तिला इजेक्टरपर्यंत (पुंगळी जिच्यावर आपटून बाहेर उडते त्या खुंटीपर्यंत) धरून आणलं नाही.

पुंगळी चेंबरमध्येच राहते आणि स्लाइड पुढचं काडतूस तिच्यावर आपटते. चेंबर मळलेलं आहे किंवा त्याच्या तोंडाची कड चेपली आहे. एक्स्ट्रॅक्टर नंतर.

नवं काडतूस तिरकं घुसतं आणि शिशाचं नाक चेपतं. मॅगझिन.

स्लाइड शेवटचा मिलिमीटर-दीड मिलिमीटर बंद होत नाही. मळ, थकलेली स्प्रिंग किंवा स्लाइडला काहीतरी घासतंय.

पिन (काडतुसावर ठोसा मारणारी सुई) पडली, काडतुसाच्या कडेवर खूणही आहे, पण बार झाला नाही. हे सगळ्यात फसवं लक्षण. त्याबद्दल पुढे येईल.

एका चापात दोन गोळ्या गेल्या, पुंगळी फुगलेली किंवा फाटलेली निघाली, किंवा चाप न ओढता बार झाला, तर पुढचं वाचायची गरज नाही. पिस्तूल मोकळं करा, डब्यात ठेवा आणि आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा कारागीर) गाठा.

काहीही उघडण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. कोणती मॅगझिन, मॅगझिनमधलं कितवं काडतूस, कोणती पेटी, साफ केल्यापासून कितवी गोळी आणि नेमकं काय झालं, एवढंच लिहायचं. 'अधूनमधून अडकतं' या तक्रारीवर मी काहीच करू शकत नाही. 'दोन नंबरच्या मॅगझिनमध्ये नेहमी दुसरी गोळी' असं कळलं, तर निम्मं काम झालं.

सुरक्षेचं एकदाच सांगतो. मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळीनेही चाचपा. खऱ्या काडतुसाची प्रत्येक चाचणी रेंजवर, नळी लक्ष्याकडे ठेवून. बार झाला नाही तर नळी तशीच ठेवून निदान तीस सेकंद थांबा, कारण काडतूस उशिरा पेटू शकतं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबून नळीत गोळी अडकली आहे का ते बघा. अडकलेल्या गोळीमागे दुसरी सोडली की नळीला आतून फुगवटा येतो. तो दुरुस्त होत नाही.

पहिली तपासणी: काडतूस

तीन-चार वेगवेगळ्या प्रकारची स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसं घ्या, प्रत्येकाची पन्नासची पेटी, आणि तीच मॅगझिन लावून मारा. जुनी पिस्तुलं काडतुसाच्या बाबतीत हट्टी असतात. एकात दर दहाला अडकणारं पिस्तूल दुसऱ्यात पेटी संपेपर्यंत हूं की चूं करत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की या पायरीआधी मी स्क्रूड्रायव्हर हातात घेत नाही.

बार न होणाऱ्या काडतुसाचं गणितही इथेच सुटतं. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या कडेवर ठोसा बसून पेटणाऱ्या काडतुसात, पेटवणारं रसायन मधोमध नसतं, ते पोकळ कडेत असतं. ओलं रसायन पुंगळीच्या तळाशी घालून पुंगळी गरागरा फिरवली जाते आणि ते कडेत पसरतं. कधीतरी एखादा कोपरा कोरडा राहतो. म्हणून तीस सेकंद थांबून ते काडतूस बाहेर काढा, अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मारा. पहिली खूण खोल आणि स्पष्ट होती आणि आता बार झाला, तर दोष काडतुसाचा. पिस्तूल निर्दोष. दोन्ही खुणा उथळ असतील तर काडतुसाला बोल लावू नका.

जोरदार काडतुसं, म्हणजे सेकंदाला ३८० मीटरच्या आसपासची हाय व्हेलॉसिटी, घातली की अडकणं थांबतं हे खरं आहे. पण तो उपाय नाही. ज्या पिस्तुलाच्या माहितीपुस्तकात स्टँडर्ड व्हेलॉसिटीच लिहिलंय, त्यात ती रोज मारली तर स्लाइड फ्रेमच्या मागच्या भागावर हातोड्यासारखी आपटत राहते. निदानासाठी पाच-दहा मारून बघायची असली तरी आधी ते पुस्तक वाचा.

दुसरी: मळ

.२२ च्या गोळीचा व्यास पुंगळीएवढाच असल्याने तिचं वंगण किंवा मेण बाहेरूनच लावलेलं असतं. ते मेण, शिसं, काजळी आणि न जळलेल्या पावडरचे कण मिळून एक चिवट लेप तयार होतो. पिस्तूल 'साफ केलंय' म्हणून आणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नळी चकचकीत केलेली असते आणि चेंबर तसंच सोडलेलं असतं. खरं तर उलटं हवं. नळीला दर वेळी ब्रश लागत नाही. मऊ शिशाच्या गोळ्यांनी ती झिजते त्यापेक्षा जास्त ती तोंडाकडून घातलेल्या वेड्यावाकड्या रॉडने खराब होते. शक्य असेल तिथे चेंबरच्या बाजूनेच साफ करा, आणि तोंडाची कड जपा. अचूकतेचा शेवटचा निर्णय तिथेच होतो.

चेंबर मात्र दर वेळी ब्राँझच्या ब्रशने घासा. त्याच्या पुढच्या टोकाला मेण-शिशाचं कडं धरतं. काडतूस पूर्ण बसत नाही, कड मागे किंचित अधांतरी राहते. मग पिन आपटते तेव्हा तिचा निम्मा जोर काडतूस पुढे ढकलण्यातच जातो. खूण उथळ पडते, बार होत नाही, आणि लोक हॅमरची स्प्रिंग बदलतात! नळी सुटी होत असेल तर रेंजवर ती काढून हातात धरा आणि एक काडतूस चेंबरमध्ये सोडा. मॅच (स्पर्धेच्या पिस्तुलाचं) चेंबर घट्ट असतं, त्यामुळे शेवटी बोटाने हलकं टेकवावं लागलं तर चालतं. जोर लावावा लागला तर मळ अजून आत आहे.

मग बोल्टचा चेहरा आणि एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालची खाच. ही खाच ब्रशने निघत नाही. टोकदार केलेली लाकडी काडी घ्या. पिनची वाट सॉल्व्हंटने धुऊन कोरडी ठेवा, तिथे तेल नको.

तेलाबद्दल: स्लाइडच्या खाचांना एकेक थेंब, पुसून दिसेल न दिसेल इतकं. जास्त तेल काजळीत मिसळून पेस्ट होतं आणि थंडीत आणखी घट्ट होतं. वर्षानुवर्षं कपाटात राहिलेल्या पिस्तुलात जुनं तेल वाळून लाखेसारखं होतं. 'वडील वापरायचे तेव्हा कधी अडकलं नाही, माझ्याकडे आल्यापासून अडकतं' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा त्या पिवळट थरात असतं. पूर्ण उघडून धुतलं की पिस्तूल तरुण होतं.

हा सगळा मळ शिशाचा आहे. हवेशीर जागी काम करा, मध्येच काही खाऊ नका, नंतर साबणाने हात धुवा आणि चिंध्या घरच्या कपड्यांत टाकू नका.

तिसरी: मॅगझिन

प्रत्येक मॅगझिनच्या तळाला मार्करने नंबर घाला. नंतर बघा, वहीतल्या नोंदी एका नंबरभोवती गोळा होतात की नाही. झाल्या, तर पिस्तुलाला हात लावू नका.

काडतूस भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. मागे बसली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड जोर करूनही वरचं सुटत नाही. भरून झाल्यावर मॅगझिनची मागची बाजू तळहातावर हलकी आपटा, काडतुसं सरळ होतात. नंतर काडतूस धरून ठेवणारे पत्र्याचे वरचे ओठ बघा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, कुठे चीर नको. फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) बोटाने दाबून सोडा, तो वाटेत अडकता कामा नये. मॅगझिन पिस्तुलात बसल्यावर वर-खाली फार हलत असेल तर तिला धरून ठेवणारी कडी झिजली आहे. ती थोडी खाली बसते आणि स्लाइडला काडतुसाची कड पुरती मिळत नाही.

पक्कड घेऊन ओठ वाकवायचा मोह होईल. करू नका. पाव मिलिमीटर इकडेतिकडे झालं की काडतुसाचा कोन बदलतो, आणि पत्रा दुसऱ्यांदा वाकवला की तडकतो. जुन्या मॉडेलच्या मॅगझिन मिळणं दिवसेंदिवस अवघड होत जातं. मूळ मॅगझिन सांभाळा, जमिनीवर पडू देऊ नका.

चौथी: हात आणि नवा ग्रिप

ही पायरी बरेच जण वगळतात, कारण ग्रिप बदलणं म्हणजे अपग्रेड आणि अपग्रेडने काही बिघडेल असं मनात येत नाही. लाकडी अ‍ॅनाटॉमिकल ग्रिप (हाताच्या आकारात कोरलेला) बसवला आणि महिन्याभरात अडकायला लागलं, असं असेल तर तीन गोष्टी बघा. अंगठ्याचा टेकू स्लाइडला चाटतोय का: ग्रिपच्या आतल्या कडेला खडूची पूड लावा, पाच गोळ्या मारा आणि पूड कुठे पुसली ते बघा. ग्रिपचा स्क्रू लांब आहे का: आतून मॅगझिनला किंवा ट्रिगरच्या पट्टीला टेकतो. एका पिस्तुलात मी दोन संध्याकाळ घालवल्या आणि कारण निघालं एक सूत जास्त लांब स्क्रू. तिसरं, तळहाताचा टेकू मॅगझिनच्या तळाला किंवा कडीला दाबतोय का. लाकूड ओलाव्याने फुगतं, त्यामुळे पावसाळ्यात येणारा आणि नंतर जाणारा दोष दिसला तर मी आधी ग्रिपकडे बघतो.

मनगट सैल पडलं तरी स्लाइडचा प्रवास कमी पडतो. हे तपासायला तेच पिस्तूल, तीच मॅगझिन दुसऱ्या अनुभवी नेमबाजाच्या हातात द्या. त्याच्याकडून अडकलं नाही, तर मान खाली घालून सरावाला लागा.

पाचवी: स्प्रिंगा आणि एक्स्ट्रॅक्टर

आता खर्च सुरू. रिकॉइल स्प्रिंग झिजणारच, ती त्याचसाठी असते. नवी मूळ स्प्रिंग शेजारी ठेवून लांबी बघा. जुनी स्पष्ट आखूड किंवा वाकडी असेल तर बदला. मॉडेलला नेमून दिलेलीच घ्या. 'जरा कडक' घेतली की मोजक्या बळातलं आणखी खर्च होतं.

आणि कापू नका. हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या पिस्तुलाच्या स्प्रिंगचे दोन वेढे मी कापले होते. पिस्तूल इतकं सुरेख चालायला लागलं की मी स्वतःवर खूश. काही महिन्यांनी साफ करताना फ्रेमच्या मागच्या टोकाला नखाएवढी चेपलेली जागा दिसली. स्लाइड दर गोळीला तिथे येऊन थडकत होती. काही पिस्तुलांत या जागी प्लॅस्टिकचा बफर असतो. वयाने तो भुसभुशीत होतो. त्याचे तुकडे यंत्रणेत सापडले तर नवा बसल्याशिवाय एकही गोळी मारू नका.

एक्स्ट्रॅक्टरविषयी गैरसमज फार आहे. बार झाल्यावर पुंगळीला मागे आणतो तो मुख्यतः वायूचा दाब. एक्स्ट्रॅक्टर तिला बोल्टच्या चेहऱ्याशी धरून ठेवतो, म्हणजे इजेक्टरवर आपटून ती उडते. म्हणूनच आकडा झिजला तरी पिस्तूल दहातले सात वेळा चालतं आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. स्लाइड काढून आकड्याखाली एक रिकामी पुंगळी सरकवा आणि हलकं हलवा. टिकली तर ठीक. लगेच पडली तर आकडा बोथट आहे किंवा त्याची स्प्रिंग मेली आहे. हा भाग बदलायला सोपा आहे, फक्त स्प्रिंग उडून पलंगाखाली जाते. पारदर्शक पिशवीत हात घालून काम करा.

सहावी: पिन आणि चेंबरची कड

रिकाम्या चेंबरवर चाप ओढण्याची सवय असेल तर इथे लक्ष द्या. रिमफायरची पिन काडतुसाच्या कडेवर पडते. काडतूस नसेल आणि पिनला थांबवणारा भाग झिजला किंवा बसवायचा राहिला असेल, तर ती थेट चेंबरच्या काठावर पडते. रुगर मार्क मालिकेत बोल्टमध्ये पिन अडवणारी एक आडवी खीळ असते. साफ करून जोडताना ती बाहेर राहिली की पुढच्या सुक्या सरावात काठाला खाच पडायला सुरुवात होते.

कान साफ करायची कापसाची काडी चेंबरच्या तोंडाशी गोल फिरवा. पिन पडते त्या जागी कापसाचे तंतू अडकले तर काठ चेपून धातू आत आलाय. तेवढा फुगवटा पुंगळीला अडवायला पुरतो. हा धातू कानशीने काढायचा नसतो, खास अवजाराने परत जागी दाबायचा असतो. तुमचं काम तंतू बघण्यापर्यंत. पिनचं टोक तुटकं किंवा चपटं दिसलं तर नवी पिन बसवा. टोक घासून धार काढलेली पिन कड फोडते आणि वायू मागे, तुमच्या तोंडाकडे येतो.

अपग्रेड केलं असेल तर

रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारं साधन) स्लाइडवर बसवला असेल तर काढून पन्नास गोळ्या मारा. स्लाइडचं वजन वाढलं की तेवढाच धक्का तिला कमी मागे नेतो. माउंट नळीवर किंवा फ्रेमवर असेल तर हा प्रश्न येत नाही. तसंही आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर प्रकारांत रेड डॉट चालत नाही. पिस्तूल १४०० ग्रॅमच्या आत आणि ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसणारं हवं, चापाचं वजन किमान १००० ग्रॅम. नळीला वजनं लावण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा.

ट्रिगरमध्ये हॅमर सुटल्यानंतरचा चापाचा उरलेला प्रवास थांबवणारा स्क्रू असेल आणि तो फार आत फिरवला असेल, तर सिअर (हॅमर अडवून धरणारा भाग) पुरता सुटत नाही. हॅमर घासत खाली येतो, खूण उथळ. स्क्रू एक फेरा मागे घ्या. सारखी उथळ खूण पाडणारं पिस्तूल एवढ्याने सुधारलेलं मी पाहिलंय. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. नळी किंवा फ्रेमसारखा भाग बदलायचा असेल तर आधी परवान्याच्या अटी वाचा.

इथे थांबा

सिअर आणि हॅमरची टेकणारी जागा घरी घासायची नाही, कितीही व्हिडिओ बघितले तरी. त्या पृष्ठभागावर बाहेरचा कडक थर पुष्कळदा पातळ असतो. तो गेला की चाप हलका होतो आणि मग एक दिवस आपोआप सुटतो. स्लाइड सोडताच हॅमर खाली पडत असेल, फ्रेम किंवा स्लाइडला केसाएवढी चीर दिसत असेल, नळीत आडवं कडं दिसत असेल, किंवा वरचं सगळं करूनही पन्नासात दोनदा अडकत असेल, तर पुढचं काम आर्मररचं.

त्याच्याकडे जाताना पिस्तूल मोकळं करून, पण चकाचक न करता न्या. मळ कुठे बसलाय त्यावरून बरंच कळतं. सगळ्या मॅगझिन न्या, काढून ठेवलेले जुने भाग न्या, ज्या पेटीत अडकलं तिच्या दहा-बारा रिकाम्या पुंगळ्या आणि न फुटलेल्या काडतुसांच्या कडेचे जवळून काढलेले फोटो न्या. आणि ती वही. मधे कुणाकडून काही कापून, घासून घेतलं असेल तर तेही सांगून टाका. उघडल्यावर ते दिसतंच.